डेथ व्हॅली, पाऊस पडून गेल्यानंतर: राष्ट्रीय उद्यान सेवेचे परीक्षण

अमेरिकेत कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवर असलेल्या डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशशुल्क एका मोटारीमागे 30 डॉलर आहे आणि ते एकदा भरले की सात दिवस हवे तितक्या वेळा आत-बाहेर करता येते. कोरड्या वर्षी या पैशांत काय मिळते हे सांगणे सोपे असते: मिठाचे अफाट मैदान, वाळूच्या टेकड्या, रंगीत डोंगर आणि रात्री आकाशभर तारे. पाऊस पडून गेलेल्या वर्षी मात्र हा हिशेब बदलतो. काही रस्ते बंद असतात, नकाशावर दाखवलेल्या काही जागा वाहून गेलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच वेळी एरवी वर्षानुवर्षे न दिसणारे पाणी त्या खोऱ्यात साचलेले असल्यामुळे ते पाहायला लोकांची रीघ लागते. अशा वर्षी अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा आपले काम कसे करते आणि पाहुण्याला त्यातून काय मिळते, याचे हे परीक्षण आहे. फेब्रुवारी 2024 च्या उत्तरार्धात, म्हणजे बॅडवॉटर या खोऱ्यातील सर्वात खोल जागी तळे असताना, आणि पुढे ते आटून गेल्यावरही आम्ही कुटुंबासह तिथे गेलो. तळे असताना साताऱ्याच्या माण तालुक्यातून आलेले आई-बाबाही सोबत होते.

माझे मत आधीच नोंदवतो. पावसानंतरच्या डेथ व्हॅलीत उद्यान सेवेचे सर्वात मोलाचे काम म्हणजे काय बंद ठेवायचे, किती दिवस ठेवायचे आणि का, हे ठरवणे आणि ते लोकांना स्पष्ट सांगणे. हे काम ती चोख करते. ज्याला केवळ छायाचित्रातील दृश्य हवे आहे आणि त्याच तारखेला हवे आहे, त्याची निराशा होण्याची शक्यता बरीच आहे. पण हे खोरे पाण्यानेच घडवलेले आहे हे ज्याला डोळ्यांनी पाहायचे आहे, त्याने पावसानंतरचा हिवाळा चुकवू नये.

इथे पाऊस इतका कमी का, हे समजल्याशिवाय त्या तळ्याचे अप्रूप कळत नाही. प्रशांत महासागराकडून येणाऱ्या ढगांना डेथ व्हॅलीपर्यंत पोहोचण्याआधी सिएरा नेवाडासह एकामागून एक पर्वतरांगा ओलांडाव्या लागतात, आणि खोऱ्याला अगदी खेटून पश्चिमेला उभी असलेली पॅनामिंट रांग, जिचे टेलिस्कोप शिखर 3,368 मीटर उंच आहे, उरलेसुरले बाष्पही काढून घेते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वाढलेल्या बाबांना हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही; महाबळेश्वर आणि म्हसवड एकाच जिल्ह्यात असून एकाला धुके पुरते आणि दुसऱ्याला टँकर, हे त्यांनी जन्मभर पाहिले आहे. फरक एवढाच की माणच्या दुष्काळी वर्षातही जितका पाऊस पडतो, तितका डेथ व्हॅलीत कित्येक वर्षे मिळूनही पडत नाही. फर्नेस क्रीक या खोऱ्यातील मुख्य वस्तीच्या ठिकाणी वार्षिक सरासरी सुमारे 56 मिलिमीटर आहे. याच ठिकाणी 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, आणि इथल्या उन्हात व वाऱ्यात वर्षाला साडेतीन मीटरहून अधिक पाण्याची वाफ होऊ शकते. पडणारे पाणी आणि उडून जाऊ शकणारे पाणी यांत इतके मोठे अंतर असलेल्या जागी तळे टिकणे, ही नवलाचीच गोष्ट आहे.

तरीही ते टिकले. 20 ऑगस्ट 2023 रोजी हिलरी या चक्रीवादळाचे अवशेष मेक्सिकोकडून वर सरकले आणि फर्नेस क्रीकला एका दिवसात 2.20 इंच, म्हणजे 56 मिलिमीटर पाऊस पडला. वर्षभराचा पाऊस एका दिवसात आला आणि तो त्या ठिकाणचा एका दिवसातील पावसाचा विक्रम ठरला. कोकणात जुलैतील एखाद्या दुपारी एवढा पाऊस पडला तर कोणी त्याची बातमीही करत नाही. डेथ व्हॅलीत मात्र त्याने शेकडो मैल रस्ते उखडले, आणि संपूर्ण उद्यान जवळपास दोन महिने, 15 ऑक्टोबर 2023 पर्यंत, बंद ठेवावे लागले. उद्यानाच्या इतिहासातील ती सर्वात दीर्घ बंदी होती.

एवढ्याशा पावसाने एवढा विध्वंस का व्हावा, हे उद्यानातून एक फेरी मारली की कळू लागते. डोंगरांचे उतार उघडेबोडके आहेत, त्यांवर पाणी धरून ठेवणारी माती नाही आणि मुळेही नाहीत. पडलेला प्रत्येक थेंब लगेच वाहू लागतो, अरुंद घळींमधून एकवटतो आणि घळीच्या तोंडाशी दगडगोट्यांसह बाहेर पडतो. प्रत्येक घळीच्या तोंडाशी हातपंख्यासारखा पसरलेला गाळाचा उतार दिसतो. तो अशाच हजारो लोंढ्यांनी आणून टाकलेला माल आहे, आणि उद्यानातील बहुतेक डांबरी रस्ते याच उतारांवरून जातात, कारण दुसरीकडून नेण्यास जागाच नाही. थोडक्यात, रस्ता पुराच्या वाटेवर आहे, आणि पुराची वाट त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहे. बाबा एका कोरड्या ओढ्याच्या काठाशी बराच वेळ उभे राहिले, पात्रात अडकलेली झुडपे आणि दगडांवर चढलेल्या चिखलाची उंची त्यांनी न्याहाळली, आणि म्हणाले, “ओढा कोरडा दिसतो म्हणून त्यात बैलगाडी सोडायची नसते.” उद्यानाच्या माहितीपत्रकात वेगळ्या शब्दांत नेमकी हीच सूचना आहे: आकाशात ढग असतील तर घळीत शिरू नका, रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर त्यात गाडी घालू नका, आणि ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकू नका.

ही सूचना केवळ छापायची म्हणून छापलेली नाही. ऑगस्ट 2004 मध्ये झाब्रिस्की पॉइंटजवळ आलेल्या लोंढ्यात दोन माणसे दगावली आणि महामार्ग 190 चा मोठा भाग वाहून गेला. 5 ऑगस्ट 2022 रोजी अवघ्या काही तासांत 37 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा सुमारे साठ गाड्या दगडमातीखाली अडकल्या आणि पाहुणे व कर्मचारी मिळून हजारेक लोकांना बाहेर पडायला वाट उरली नाही. त्याच पुराने सॉल्ट क्रीकवरची लाकडी पायवाट उखडून टाकली; पिटुकल्या पपफिश माशांचे दर्शन या पायवाटेवरून सहज होत असे. हा इतिहास माहीत असला की रस्त्यात आडवा टाकलेला ‘बंद’ असा फलक पाहून चिडायला होत नाही.

आता सेवेविषयी. उद्यान रोज सकाळी एक अहवाल काढते, त्याला ते ‘मॉर्निंग रिपोर्ट’ म्हणतात. त्यात आदल्या दिवसाचे तापमान, पाऊस झाला असल्यास त्याची नोंद, पुढील हवामानाचा अंदाज आणि कोणता रस्ता कोठून कोठपर्यंत बंद आहे याची यादी असते. हा अहवाल संकेतस्थळावर मिळतो आणि फर्नेस क्रीकच्या अभ्यागत केंद्रातही पाहायला मिळतो. माझ्या दृष्टीने तीस डॉलरांपैकी निम्मे पैसे या एका कागदात वसूल होतात. कारण गाडीतील किंवा फोनमधील नकाशा पावसानंतर हमखास चुकतो. वाहून गेलेला कच्चा रस्ता त्याला धडधाकट दिसत असतो, आणि उद्यानाच्या फार मोठ्या भागात फोनला संकेतच मिळत नसल्यामुळे चूक कळेपर्यंत आपण बरेच आत गेलेलो असतो. ज्या उद्यानाचा पसारा साडेतेरा हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे, आणि ज्यात पेट्रोल मोजून तीन ठिकाणी मिळते, तिथे अशी चूक महागात पडते.

अभ्यागत केंद्रातील रेंजरांविषयी, म्हणजे उद्यानाची राखण करणाऱ्या आणि पाहुण्यांना माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्यांविषयी, लिहिताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. गर्दीचा दिवस असूनही माझ्या आईच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीतील प्रश्नांना तिथल्या रेंजरबाईंनी शांतपणे उत्तरे दिली. आईचा प्रश्न साधा होता: पाणी आहे तर त्याचा उपयोग का करत नाहीत? त्यांनी तिला समजावले की खोऱ्यातून बाहेर जाणारी एकही नदी नाही, आजूबाजूच्या डोंगरांतील क्षार हजारो वर्षे वाहत येऊन इथेच साठले आहेत, त्यामुळे इथे आलेले पाणी पाहता पाहता समुद्राहूनही खारट होते, आणि ते फक्त आकाशाच्याच वाटेने परत जाते. अमार्गोसा नदी, जी बहुतेक काळ वाळूखालून वाहते किंवा वाहतच नाही, तीसुद्धा त्या काळात वाहत होती आणि तिचाही शेवट याच खोलगटात होतो, हेही त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून दाखवले. आईला उत्तर पटले. माहिती देणारा माणूस नेमून दिलेले वाक्य म्हणून दाखवतो आहे की त्याला त्या जागेविषयी खरोखर ममता आहे, हे लगेच ओळखू येते, आणि इथे ती ममता जाणवली.

बॅडवॉटर फर्नेस क्रीकपासून सुमारे 27 किलोमीटरवर आहे. समुद्रसपाटीपासून 86 मीटर खाली असलेली ही जागा उत्तर अमेरिकेतील सर्वात खोल भूमी आहे. वाहनतळाच्या मागे असलेल्या कड्यावर खूप उंचावर एक पाटी लावलेली आहे आणि समुद्राची पातळी तिथे आहे असे ती सांगते. एरवी समोर षटकोनी चौकटींनी भरलेले पांढरे मैदान असते. त्या फेब्रुवारीत तिथे पाणी होते. हिलरीच्या पावसाने ऑगस्टमध्ये साचलेले तळे ऑक्टोबरपर्यंत आटेल असा तज्ज्ञांचा अंदाज होता, पण ते हिवाळ्यापर्यंत तग धरून राहिले, आणि फेब्रुवारी 2024 च्या पहिल्या आठवड्यात महासागरावरून आलेल्या बाष्पाच्या लांबलचक पट्ट्याने आणखी सुमारे 38 मिलिमीटर पाऊस टाकून ते पुन्हा भरले. सहा महिन्यांत सुमारे 125 मिलिमीटर, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळाचा पाऊस तिथे पडला होता. तळ्याची लांबी सुमारे दहा किलोमीटर, रुंदी पाच किलोमीटर आणि खोली जेमतेम फूटभर होती.

फूटभर पाणी म्हणजे काय, हे काठावर उभे राहिल्यावरच कळते. पाणी घोट्यापर्यंत येते, पुढे चालत गेले तरी घोट्यापर्यंतच राहते, आणि आणखी बरेच पुढे गेले तरी पिंढरीच्या वर चढत नाही. मग नजर वर करावी तर बर्फाने झाकलेले टेलिस्कोप शिखर समोर सरळ उभे आणि पाण्यात तितकेच उलटे. तळाशी मिठाचा थर होता, तो काही ठिकाणी टणक आणि पायाला बोचणारा, तर काही ठिकाणी त्याखालचा चिखल पाऊल ओढून घेणारा. बाहेर आल्यावर दहा-पंधरा मिनिटांत बाबांच्या चपलेच्या पट्ट्यांवर आणि माझ्या पँटच्या दुमडलेल्या काठांवर पांढरी रेघ उमटली, आणि बोटाने खरवडली तर बारीक स्फटिक निघाले. लहान मुलांना पाण्यात सोडणाऱ्यांनी साधे पिण्याचे पाणी वेगळे भरून न्यावे, कारण पायांवरचे हे मीठ धुतले नाही तर कातडीची आग होते आणि तिथे नळ नाही.

तळ्याचे नाव लेक मॅन्ली. हिमयुगात हे सगळे खोरे एका विशाल सरोवराने भरलेले होते. त्याची खोली काही काळ 180 मीटरच्या आसपास होती आणि त्याच सरोवराला हे नाव दिलेले आहे. विल्यम लुईस मॅन्ली हा 1849-50 च्या हिवाळ्यात सोन्याच्या शोधात निघून या खोऱ्यात अडकलेल्या तांड्यातील एक तरुण होता. जॉन रॉजर्स या सोबत्याबरोबर तो शेकडो मैल पायी चालत वस्तीपर्यंत पोहोचला, आणि अन्न घेऊन मागे राहिलेल्या कुटुंबांसाठी परत आला. स्वतः सुटल्यावर त्याच वाटेने पुन्हा आत येणाऱ्या माणसाचे नाव या पाण्याला मिळाले, हे मला फार योग्य वाटते. मात्र खोऱ्याचा इतिहास या तांड्यापासून सुरू होत नाही. तिंबिशा शोशोनी लोक इथे त्याच्या कितीतरी आधीपासून राहतात, आजही फर्नेस क्रीकजवळ त्यांची वस्ती आहे, आणि 2000 साली झालेल्या कायद्याने त्यांच्या भूमीचा काही भाग त्यांना परत मिळाला. अभ्यागत केंद्रात ही माहिती दिलेली आहे आणि ती घाईघाईने ओलांडून जाऊ नये.

या तळ्यात काही आठवडे होडी, म्हणजे कयाक, चालवण्यास परवानगी होती. आम्ही गेलो तेव्हा कितीतरी लोक डोक्यावर किंवा खांद्यावर कयाक घेऊन मिठावरून चालत पाण्याकडे निघालेले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत, फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चच्या आरंभी, ताशी 65 किलोमीटरपर्यंतच्या झोतांचे वारे सुटले आणि त्यांनी ते अख्खे तळे तीन किलोमीटर उत्तरेकडे ढकलत नेले. पाणी पसरले, खोली काही इंचांवर आली, आणि 4 मार्च 2024 पासून उद्यान सेवेने होड्यांना बंदी केली. यावर त्या वेळी अनेकांनी नाराजी व्यक्त केली. आमच्या ओळखीतील काही मंडळींनी तर कयाक भाड्याने ठरवून ठेवली होती. तरीही हा निर्णय अगदी योग्य होता असे मी ठामपणे म्हणेन. ओल्या मिठावर उमटलेले पाऊल आणि ओढत नेलेल्या होडीचा चरा पाणी आटल्यावर तसाच कडक होतो आणि पुढचे मोठे पाणी येईपर्यंत, म्हणजे कदाचित अनेक वर्षे, तिथेच राहतो. पुढच्या खेपेला, तळे आटल्यानंतर, ते चरे मी पाहिले. काठापासून आत गेलेल्या लांब खोल रेघा, त्यांच्या दोन्ही बाजूंना बुटांचे खड्डे, आणि त्या पट्ट्यात एकही चौकट शाबूत नव्हती. त्याच्या पलीकडे, जिथे कोणी पोहोचले नव्हते, तिथे मीठ पुन्हा नव्याने फुलून आले होते, इतके पांढरे की चष्म्याशिवाय पाहवत नव्हते. होड्या थोड्या आधी थांबवल्या असत्या तर बरे झाले असते, एवढाच माझा या बाबतीतला आक्षेप आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. पुरात गेलेल्या गोष्टी परत उभ्या राहायला इथे फार वेळ लागतो. उत्तरेकडील स्कॉटीज कॅसल हा 1920 च्या दशकातील वाडा 18 ऑक्टोबर 2015 च्या पुरापासून सर्वसाधारण पाहुण्यांसाठी बंद पडला. दुरुस्ती चालू असताना एप्रिल 2021 मध्ये तिथल्या एका ऐतिहासिक इमारतीला आग लागली आणि हिलरीने त्यात आणखी भर घातली. निधी, दुर्गम जागा आणि जुन्या बांधकामाचे नियम ही कारणे समजण्यासारखी आहेत, पण एक पिढी तो वाडा न पाहताच मोठी होते आहे. दुसरी गोष्ट अशी की पुराशी झुंजण्याचे जुने उपाय नेहमीच शहाणपणाचे नव्हते. फर्नेस क्रीकची वस्ती वाचवण्यासाठी 1941 मध्ये तिथला कोरडा ओढा गोवर गल्च या शेजारच्या घळीत वळवण्यात आला; वस्तीला संरक्षण मिळाले, पण ती लहानशी घळ आपल्या आकाराला न पेलणारे पाणी वाहून नेऊ लागली आणि तेव्हापासून झपाट्याने खोदली जात आहे. गोल्डन कॅनियनची पायवाट करणाऱ्यांनी गोवर गल्चमधून परत यावे आणि मातीच्या भिंतींवरचे ताजे कापलेले थर जरूर पाहावेत. पाणी एका ठिकाणाहून हटवले की ते दुसरीकडे काय करते, याचा याहून स्पष्ट पुरावा मी कुठे पाहिलेला नाही.

राहण्या-खाण्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण ही व्यवस्था उद्यान सेवा स्वतः चालवत नाही. फर्नेस क्रीक, स्टोव्हपाइप वेल्स आणि पॅनामिंट स्प्रिंग्ज या तीन ठिकाणी मुक्कामाची सोय आहे. दर चढे असतात, लांब सुट्ट्यांच्या आठवड्यात तर फारच, आणि शाकाहारी माणसाला जेवणात निवड कमी मिळते. घरून पोळ्या, चटणी, दही आणि भरपूर पाणी नेणारे कुटुंब सुखी राहते. उद्यानात शिरण्यापूर्वीच पेट्रोलची टाकी भरून घ्यावी. तंबूत राहणाऱ्यांसाठी उद्यानाचे स्वतःचे तळ आहेत आणि ते स्वस्त व नीटनेटके आहेत, मात्र वाऱ्याच्या रात्री तंबूच्या खुंट्यांवर विसंबून राहू नये. प्रवेशशुल्क रोख घेत नाहीत, कार्डानेच भरावे लागते. ड्रोन उडवण्यास मनाई आहे, आणि तळ्याच्या दिवसांतही ती पाळली जात होती, ही मोठीच शांतता होती.

वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी काळजी करू नये. बॅडवॉटरला वाहनतळापासून खाली जायला उतरण आहे, काठापर्यंत लाकडी फळ्यांची वाट आहे आणि स्वच्छतागृहे आहेत. आईने गुडघेदुखी असूनही ते सगळे पाहिले. त्यानंतर दांतेज व्ह्यूला जावे. ही जागा बॅडवॉटरच्या जवळजवळ थेट वर, 1,669 मीटर उंचीवर आहे, गाडी अगदी टोकापर्यंत जाते, आणि तिथून तळ्याचा सगळा आकार एका नजरेत मावत होता: काठाला पांढरी किनार, मध्ये फिकट निळे पाणी आणि ढगांच्या सावल्या. वर थंडी आणि वारा बराच असतो. खाली उन्हात फिरून आलेल्या माणसाला गाडीतून उतरताच शाल लागते. पावसानंतर हा रस्ता उघडा आहे की नाही, हे मात्र सकाळच्या अहवालात आधी पाहावे.

फुलांविषयी अनेकजण विचारतात. पाऊस पडला म्हणजे वाळवंट फुललेच, असे होत नाही. इथल्या रानफुलांच्या बियांवर उगवण रोखणारे आवरण असते. ते धुऊन निघण्यासाठी शरद ऋतूत एक चांगला, मुरणारा पाऊस लागतो, पुढे हिवाळाभर अधूनमधून थोडा ओलावा लागतो, आणि कोवळ्या रोपांवर कोरडे वारे सुटून चालत नाही. या सगळ्याचा मेळ बसला म्हणून 1998, 2005 आणि 2016 ही वर्षे लोकांच्या लक्षात राहिली आहेत. 2016 चा बहर हा ऑक्टोबर 2015 च्या त्याच पावसातून आला होता, ज्याने स्कॉटीज कॅसल बंद पाडला. 2024 मध्ये फुले बरी होती, पण डोंगरच्या डोंगर पिवळे झाले नव्हते. रेंजर याबाबत आशा दाखवत नाहीत. कोणत्या रस्त्यालगत काय फुलले आहे तेवढेच सांगतात. रस्त्याच्या कडेला थांबून, वाकून, ‘डेझर्ट गोल्ड’ या पिवळ्या फुलाचे एकच रोप पाहावे: वीतभर उंची, दगडांच्या सांदीत रोवलेले मूळ, आणि त्याच्या पानांवरची बारीक लव, जिच्यावर धूळ अडकून राहिलेली असते. ते रोप पायदळी तुडवून छायाचित्र काढणाऱ्यांना कोणीतरी हटकावे असे वाटत होते, आणि एका रेंजरने तसे हटकलेही, आवाज न चढवता.

संपूर्ण अनुभवाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण दीर्घकाळ बंद राहिलेल्या जागांसाठी आणि होड्यांवरील उशिरा आलेल्या बंदीसाठी कापला आहे. लास व्हेगासहून गाडीने साधारण दोन तास आणि लॉस एंजेलिसहून चार-साडेचार तास लागतात. बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून, येणाऱ्यांनी वाटेत एक मुक्काम धरावा, कारण हिवाळ्यात सिएरा ओलांडणारे टायोगासारखे घाट बंद असतात आणि बहुधा बेकर्सफील्डमार्गे वळसा घालून यावे लागते. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. मुक्कामाचे आरक्षण रद्द करता येईल असेच घ्यावे. पाऊस झाल्याची बातमी आल्यावर लगेच धावत न जाता दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, म्हणजे मुख्य रस्त्यांवरचा गाळ निघालेला असतो आणि पाणी मोठे असेल तर तेही तोवर असते. निघण्याच्या आदल्या रात्री आणि निघण्याच्या सकाळी, अशा दोन्ही वेळी उद्यानाचा रस्त्यांचा अहवाल वाचावा, आणि जो रस्ता बंद लिहिला आहे तो वगळूनच दिवसाचा बेत करावा.